पॅरिसात स्टेशन बघून जेवावं

पॅरिसला जाऊन आलेल्या मराठी माणसाला तिथे काय खाल्लं असं विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर येतं: पनीर, दाल आणि जिरा राइस. आयफेल टॉवर दाखवून झाला की टूरची बस भारतीय रेस्टॉरंटसमोर उभी राहते, आत पातेली तयार असतात आणि तासाभरात सगळे जेवून बाहेर. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. चाळीस माणसांच्या आवडीनिवडी आणि उपासतापास सांभाळायचे तर दुसरं काय करणार? पण जो स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या खिशाने हिंडतो, त्याची अडचण उलटी असते. दर चौकात चार ठिकाणं, चारही ठिकाणी फुटपाथवर खुर्च्या, दाराशी खडूने लिहिलेली पाटी आणि पाटीवरची भाषा अनोळखी. कुठे शिरायचं?

‘पॅरिसमधील सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्यांचा मला फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो रेल्वेच्या नकाशाचा. पॅरिसमधून आरपार जाणारी लांब पल्ल्याची गाडी जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतून रूळ आणले आणि प्रत्येकीने शहराच्या त्या वेळच्या कडेला आपापलं शेवटचं स्टेशन बांधलं. ब्रिटनीकडून येणारा मोंपारनासला उतरला, अल्सेसकडचा पूर्वेच्या स्टेशनावर, म्हणजे गार द लेस्तला. कामाच्या शोधात आलेला माणूस सामान घेऊन फार लांब जात नाही. तो स्टेशनाच्या आसपास खोली बघतो, आपल्या गावचा एखादा गाठतो, आणि काही वर्षांत त्या गल्लीत गावाकडचं जेवण मिळू लागतं. आज गाड्या ताशी तीनशे किलोमीटरने धावतात, तरी स्टेशनांभोवतीच्या खाण्याची ही वाटणी अजून बरीचशी टिकून आहे. म्हणून पॅरिसात काय खायचं ते आधी ठरवावं आणि मग त्या बाजूचं स्टेशन गाठावं.

सुरुवात मोंपारनासपासून करावी, विशेषतः सोबत शाकाहारी माणूस असेल तर. माझ्याबरोबर ताई होती. ती मांस-मासे खात नाही, अंडं चालतं, आणि हॉटेलात शिरण्याआधी ‘मला इथे मिळेल ना रे काही?’ हा तिचा ठरलेला प्रश्न. रू द्यु मोंपारनास या रस्त्यावर तो प्रश्न एकदाही आला नाही. स्टेशनापासून पाच-सात मिनिटांवरच्या या रस्त्याला आणि शेजारच्या रू दोदेसाला ओळीने क्रेपरी आहेत, त्यांतली ‘क्रेपरी द जोसलां’ सगळ्यांत नावाजलेली. ब्रिटनीच्या टोकाला असलेल्या ब्रेस्तपर्यंतची रेल्वे 1865 साली पुरी झाली आणि त्या गरीब प्रांतातून माणसांचा लोंढा राजधानीत उतरू लागला. पुरुष बांधकामावर, बायका घरकामाला. 1905 पासून छापल्या गेलेल्या बेकासीन या चित्रकथेतली भोळी मोलकरीण ब्रिटनीचीच. पॅरिसने ज्यांची अशी टिंगल केली, त्यांचा पदार्थ मात्र मुकाट्याने आपलासा केला.

तो पदार्थ म्हणजे गालेत. गव्हाच्या पिठाचा, गोड सारणाचा तो क्रेप. आणि ज्याला फ्रेंच लोक ‘काळा गहू’ म्हणतात त्या पिठाचा, खारट सारणाचा तो गालेत. नाव गव्हाचं असलं तरी हे तृणधान्य नव्हेच. आपल्याकडे उत्तरेत उपवासाला चालणारा जो कुट्टू, तोच हा. ब्रिटनीच्या हलक्या, आंबट जमिनीत गहू नीट येत नसे, हा येई. भटारखान्याची खिडकी रस्त्याकडे उघडी असेल तर दोन मिनिटं थांबून बघावं. बिलिग नावाचा बिडाचा गोल, सपाट तवा असतो, त्याला कडा नसते. चरबीच्या बोळ्याने तो पुसायचा, पळीभर करडं पीठ ओतायचं, आणि रोझेल नावाच्या लाकडी दांडीने मनगटाच्या एका वळशात ते कडेपर्यंत पसरायचं. पीठ पडताच चर्र आवाज होतो, बारीक छिद्रं पडतात, कडा तपकिरी होऊन सुटू लागते. मग मधोमध अंडं फोडायचं, पांढरं तेवढं पसरायचं, पिवळा बलक तसाच ठेवायचा, वर किसलेलं एमांताल चीज आणि हॅमचा काप. चारही बाजू आत दुमडल्या की चौकोन होतो आणि मधल्या खिडकीतून बलक दिसत राहतो. याला ‘कोंप्लेत’ म्हणतात. ताईने हॅम वगळून मशरूम घालायला सांगितलं, ते त्यांनी लगेच केलं. बोळ्याची चरबी काही ठिकाणी डुकराची असते, हे मात्र कडक शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. लोणी वापरा म्हटलं तर वापरतात.

बरोबर सफरचंदाची सायडर मातीच्या कपात येते, दारूचं प्रमाण बिअरइतकं किंवा कमी. गोडात खारट लोण्याच्या कॅरमेलचा क्रेप घ्यावा. ब्रिटनीत लोणी खारटच खातात. सगळं मिळून माणशी वीस-पंचवीस युरोंत पोट भरतं.

आता पूर्वेला. गार द लेस्त स्टेशनाच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी शिखरावर स्त्रास्बूर शहराची मूर्ती बसवलेली आहे. गाडी कुठे जाते याची ती पाटीच. 1871 मध्ये फ्रान्स प्रशियाकडून हरला, अल्सेस आणि लोरेनचा बराच भाग जर्मनीने घेतला, आणि फ्रेंच राहू इच्छिणारे हजारो लोक घरदार सोडून निघाले. त्यातले कित्येक पॅरिसला आले. बिअर गाळायची आणि कोबी आंबवायची विद्या त्यांच्या अंगात होती. ब्रासरी हा शब्द मुळात बिअरच्या कारखान्याचा. बास्तीयजवळची ‘बोफिंगर’ तर त्या युद्धाच्याही आधीची, 1864 ची, आणि साँ-जेर्मां बुलव्हारवरची ‘लिप’ 1880 ची. दोन्ही अल्सेसच्या माणसांनी काढलेल्या.

ब्रासरी आणि बिस्त्रो यांत फरक काय, असं लोक विचारतात. खाणाऱ्याच्या दृष्टीने सांगायचं तर ब्रासरी मोठी, आरशांची, पांढऱ्या एप्रनमधल्या वेटरांची. आणि मुख्य म्हणजे ती दुपारी बंद होत नाही. दुपारी चारला भूक लागली तर पॅरिसात तुम्हाला ब्रासरीच वाचवते. इथे मागवायचं ते शुक्रूत: मिठात आंबवलेला बारीक चिरलेला कोबी, ज्युनिपरची फळं आणि पांढरी वाइन घालून तासन्‌तास शिजवलेला, वर डुकराच्या मांसाचे तीन-चार प्रकार आणि सॉसेजेस. ताट बघून छाती दडपते. दोघांत एक पुरतं. डुक्कर नको असेल तर माशांचं शुक्रूतही अनेक ठिकाणी असतं. बोफिंगरमध्ये जागा सांगताना खालच्या मजल्यावर, काचेच्या रंगीत घुमटाखाली मागावी. जेवणाचे पैसे थोडे जास्त पडतात, पण त्यातले काही त्या घुमटाचे समजावेत.

लिपची पुढची गोष्ट मजेदार आहे. 1920 मध्ये हे अल्सेसचं दुकान मार्सेलां काझ नावाच्या माणसाने घेतलं. तो होता लागियोलचा, म्हणजे दक्षिण-मध्य फ्रान्समधल्या आव्हेरों भागातला. आणि पॅरिसच्या कॅफेंचा इतिहास खणत गेलं की जिथेतिथे याच डोंगराळ मुलखातली माणसं सापडतात. ओव्हेर्न्य आणि आव्हेरोंचे हे लोक आधी पॅरिसात पाणी वाहायचे. मग घराघरांत कोळसा आणि जळण पोचवू लागले. नवरा कोळशाची पोती पाठीवर घेऊन पाच-पाच मजले चढायचा, बायको दुकान सांभाळायची. गिऱ्हाईक आलं की त्याला उभ्या उभ्या एक पेला वाइन. या कोळसेवाल्यांना पॅरिसने नाव दिलं ‘बुन्या’. कोळसा पुढे गेला, वाइनचा कट्टा राहिला, कट्ट्यामागे बायकोच्या हातचं एक गरम पातेलं आलं. पॅरिसच्या कितीतरी बिस्त्रोंची कुळकथा ही अशी आहे.

या लोकांनी एकमेकांना धरून ठेवलं. 1882 मध्ये लुई बोने याने ‘लोव्हेर्न्या द पारी’ हे त्यांचं वर्तमानपत्र काढलं. कोणतं कॅफे विकायला आहे, कुणाला पोऱ्या हवा आहे, हे त्यात छापून यायचं. याच बोनेने गावी जायला सवलतीच्या खास गाड्याही सुरू करवल्या. गणपतीला कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या फलाटावरची गर्दी वेगळी सांगायला नको. बास्तीयजवळची रू द लाप ही त्यांची गल्ली. आज तिथे तरुणांचे बार आहेत, पण कधीकाळी शनिवारी रात्री तिथे गावाकडच्या पिशवीवाद्यावर नाच व्हायचे.

त्यांचं जेवण खायला मी रू द्यु ग्रनिए-साँ-लाझारवरच्या ‘आंबासाद दोव्हेर्न्य’मध्ये गेलो. नावाचा अर्थच ओव्हेर्न्यचा दूतावास. इथे एकच पदार्थ खायचा असेल तर तो आलिगो. उकडून घोटलेल्या बटाट्यात लोणी, साय, लसूण आणि ओब्राक पठारावरचं, अजून पिकायला न ठेवलेलं ताजं तोम चीज घालायचं आणि मंद आचेवर लाकडी उलथन्याने एकाच दिशेने फेटत राहायचं. चीज वितळून बटाट्याशी एकजीव झालं की ते लवचीक होतं. वेटर पातेलं थेट टेबलाशी आणतो, उलथनं डोक्याच्या वर नेतो, आणि पातेल्यापासून उलथन्यापर्यंत हातभर लांब, न तुटणारी गुळगुळीत पट्टी तयार होते. मग कात्रीसारखी दोन चमच्यांनी ती तोडून ताटात घालतो. चव साधी आहे: बटाटा, लसूण, आणि मागून दुधाचा किंचित आंबटपणा. हे सॉसेजबरोबर खायचं असतं, पण नुसतंही मागता येतं. ल प्वीची हिरवट मसूरही याच भागातली. ती मागवताना मात्र ‘सां लार्दों’ म्हणावं, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे नकोत. ते तुकडे फ्रेंच स्वयंपाकी सॅलडपासून डाळीपर्यंत कशातही घालतो आणि त्याला तो मांसाहार वाटत नाही.

बाकीच्या स्टेशनांबद्दल थोडक्यात. दक्षिणेच्या गाड्या सुटतात त्या गार द लियोंच्या पहिल्या मजल्यावर ‘ल ट्रां ब्लू’ आहे. 1901 चा भव्य दिवाणखाना, छत आणि भिंती चित्रांनी भरलेल्या, चित्रांत ही रेल्वे जिथे जिथे जाते ती गावं. जेवण महाग आहे. पण शेजारच्या सोफ्यांवर बसून एक कॉफी घेतली तरी छत तेच दिसतं. साँ-लाझार हे नॉर्मंडीचं स्टेशन. साय, सफरचंद आणि कामांबेर चीजचा तो मुलूख; पण गाडीने तिथे जाऊनच खावं, स्टेशनाभोवती त्यासाठी हिंडण्यात अर्थ नाही.

बिस्त्रोत काय खायचं याचं उत्तर दाराजवळच्या पाटीवर असतं. तिला ‘आरद्वाज’ म्हणतात, म्हणजे पाटी. ती रोज पुसली जाते. पाटी हाताने लिहिलेली, लहान आणि फक्त फ्रेंच असेल तर आत शिरायला हरकत नाही. चार भाषांत छापलेला, फोटो असलेला मेनू आणि दारात उभा राहून आत बोलावणारा माणूस दिसला की पुढे चालू लागावं. दुपारची ‘फोर्म्युल’ घेणं सगळ्यांत शहाणपणाचं: पहिला पदार्थ आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड, अशी जोडी साधारण वीस ते तीस युरोंत. तोच स्वयंपाकी रात्री त्याच खुर्चीवर जवळजवळ दुप्पट बिल करतो. फ्रान्समध्ये ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, हेही ध्यानात ठेवावं. अमेरिकन पुस्तकं वाचून आलेले इथे फसतात.

मांसाचे शब्द पाठ करून जाणं बरं. ‘बफ’ गाय-बैलाचं, ‘व्हो’ वासराचं, ‘पोर’ डुकराचं, ‘आन्यो’ कोकराचं, ‘पुले’ कोंबडीचं, ‘कानार’ बदकाचं. गोमांस न खाणाऱ्याने बिस्त्रोत बदकाकडे वळावं. ‘कोंफी द कानार’ म्हणजे बदकाची तंगडी मीठ लावून, तिच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून, मग कातडी कुरकुरीत केलेली. मांस काट्यानेच सुटतं. हा पदार्थ नैर्ऋत्येचा, पण पॅरिसच्या बिस्त्रोंत तो इतका रुळला आहे की त्याचं गाव आता कुणी विचारत नाही. गोडात ‘पारी-ब्रेस्त’. 1891 मध्ये पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सायकल शर्यत सुरू झाली. तिच्या नावाने 1910 च्या सुमारास सायकलच्या चाकासारखी ही पेस्ट्री निघाली: पोकळ पिठाचं कडं, आडवं कापलेलं, आत भाजलेल्या हेझलनट-बदामाची क्रीम. अकराव्या विभागातल्या ‘बिस्त्रो पोल बेर’चं पारी-ब्रेस्त प्रसिद्ध आहे आणि एका माणसाला संपत नाही. तिथे आधी जागा राखून ठेवावी लागते.

बिस्त्रो मोडकळीला येतील असं वाटण्याची एक वेळ आली होती. एकीकडे हॉटेलांतली तारांकित, परवडेनाशी रेस्टॉरंटं, दुसरीकडे बर्गर. 1992 मध्ये इव्ह काम्दबोर्द या तरुण शेफने क्रियों या बड्या हॉटेलातलं काम सोडून शहराच्या दक्षिण टोकाला, चौदाव्या विभागात ‘ला रेगालाद’ काढलं. हॉटेलातलं कसब, बिस्त्रोचं टेबल आणि बिस्त्रोचाच दर. हाही बाहेरचाच, पिरिनीजच्या पायथ्याशी असलेल्या बेआर्नचा. बसताक्षणी टेबलावर गावाकडच्या पद्धतीच्या तेरीनचं, म्हणजे मांसाच्या वडीचं, अख्खं भांडं आणि काकडीचं लोणचं यायचं. हवं तेवढं कापून घ्या. या चालीला 2004 मध्ये ‘बिस्त्रोनोमी’ असं नाव पडलं. आज अकराव्या विभागात रू द शारोनच्या आसपास जी छोटी, उघड्या भटारखान्याची, भाज्यांना मान देणारी ठिकाणं दिसतात, ती या चालीची पुढची पिढी. शाकाहाऱ्याला नीट जेवण मिळण्याची शक्यता जुन्या बिस्त्रोपेक्षा इथे अधिक, फक्त जागा राखताना तसं कळवावं.

खिसा हलका असेल तर बुय्यों. 1850 च्या दशकात द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कामकऱ्यांसाठी मांसाचा रस्सा आणि त्यातलंच मांस स्वस्तात द्यायला सुरुवात केली. उत्तम तुकडे श्रीमंतांना जायचे, उरलेल्यांचं काय करायचं यातून निघालेली ही युक्ती. त्याच्या नकला शहरभर झाल्या. त्यांतली 1896 ची ‘बुय्यों शार्तिए’ ग्रां बुलव्हारजवळच्या एका बोळात आजही चालू आहे. उंच काचेचं छत, पितळी कड्यांचे सामान ठेवायचे रॅक आणि भिंतीला नंबर घातलेले छोटे लाकडी खण. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा नॅपकिन त्यात असायचा. जागा राखता येत नाही, अंगणात रांग लागते, ती भराभर सरकते. एकटे असाल तर अनोळखी माणसासमोर बसवतात. वेटर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच पेनाने ऑर्डर लिहितो, शेवटी तिथेच बेरीज करतो. आमच्या कागदावर अंडं-मेयोनीज, किसलेलं गाजर, एक मासा, एक कोंबडी आणि साय घातलेले चेस्टनट होते. दोघांचं मिळून पन्नास युरोंच्या आत भागलं. स्वयंपाक बेताचाच आहे. पण पॅरिसात या किमतीत बसून, काट्याचमच्याने, तीन पदार्थांचं जेवण दुसरीकडे सहसा मिळत नाही.

बुय्योंची अलीकडे पुन्हा लाट आली आहे. 2017 मध्ये पिगालला एक उघडलं, 2021 मध्ये रेपुब्लिक चौकाजवळ दुसरं. हे दुसरं ज्या जागेत आहे, तिथे आधी ‘शे जेनी’ ही अल्सेसची जुनी ब्रासरी होती. भिंतींवरचं अल्सेसच्या कारागिरांचं लाकडी जडावकाम तसंच ठेवलं आहे आणि मेनूवर शुक्रूतही आहे. गिऱ्हाईक मात्र पंचविशीतलं.

आता टेबलावरच्या चालीरीती, कारण पॅरिसचे वेटर उर्मट असतात ही तक्रार बरीचशी यातूनच उपजते. आत शिरताना पहिला शब्द ‘बोंझूर’, संध्याकाळी ‘बोंस्वार’. तो न म्हणता थेट ‘टेबल फॉर टू’ म्हणणं तिथे उद्धटपणाचं धरतात. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात बिस्त्रोची चूल बंद. पाणी मागताना ‘ईन काराफ दो’ म्हणावं, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं ‘वॉटर’ म्हटलं तर विकतची बाटली येऊ शकते. पावाचे पैसे पडत नाहीत. सेवाशुल्क किमतीतच असतं, वर एक-दोन युरो ठेवले तर आनंदाने, न ठेवले तरी कुणी बघत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही; न मागता बिल आणणं म्हणजे ‘उठा आता’ असं सांगणं, म्हणून वेटर आणत नाही. रविवारी-सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात आणि ऑगस्टमध्ये कित्येक मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून गावी जातात.

आणि शाकाहाऱ्यांसाठी एक सावधगिरी. कांद्याचं सूप दिसायला निष्पाप असतं, पण रस्सा बहुधा गोमांसाचा असतो.

रेल्वेने आलेल्यांच्या नंतर विमानाने आले. 1975 नंतर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून निर्वासित आले तेव्हा तेराव्या विभागात नुकतेच बांधलेले उंच मनोरे गिऱ्हाइकांअभावी ओस पडले होते. हे निर्वासित तिथे राहिले. आज आव्हन्यू दिव्री आणि आव्हन्यू द श्वाझीवर फोच्या वाफाळत्या वाडग्यांची दुकानं ओळीने आहेत. मारे भागातल्या रू दे रोझिएवर ज्यूंची वस्ती. तिथला फलाफल, तळलेली वांगी आणि लाल कोबी भरलेला पिटा पाव हे शाकाहाऱ्याचं पॅरिसमधलं सगळ्यांत सोपं दुपारचं जेवण. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत सब्बाथमुळे ‘लास द्यु फालाफेल’ हे तिथलं दुकान बंद असतं, एवढं बघून जावं. उत्तर आफ्रिकेतला कुसकुस तर फ्रेंचांनी आपलाच मानला आहे. 1926 मध्ये उघडलेल्या पॅरिसच्या मोठ्या मशिदीच्या आवारात त्याचं रेस्टॉरंट आहे, आणि अंजिराच्या झाडाखाली पुदिन्याचा गोड चहा मिळतो. भाज्यांचा कुसकुस सगळीकडे असतो, रस्सा कशाचा ते विचारून घ्यावं.

उत्तरेच्या स्टेशनाची, गार द्यु नोरची, गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. या स्टेशनातून बाहेर पडून ला शापेलकडे वळलं की पाट्या तमिळ होतात. 1983 च्या दंगलींनंतर श्रीलंकेतून, मुख्यतः जाफन्याकडून निघालेले तमिळ लोक इथे स्थिरावले. बहुतेकांनी पॅरिसच्या रेस्टॉरंटांच्या मागच्या दारी भांडी घासण्यापासून सुरुवात केली. आज रू काय आणि रू द्यु फोबूर साँ-दनीवर त्यांची स्वतःची हॉटेलं, केळी-शेवग्याच्या शेंगांची दुकानं, साड्या, सोनं, सगळं आहे. तव्यावर दोन लोखंडी पात्यांनी पराठा कापत, अंड्याबरोबर परतत कोत्तू रोटी करतात त्याचा ठकठक आवाज रस्त्यावर येतो. इडली-डोसा-सांबार मिळतो तो आठ-दहा युरोंत. जवळच रू पाजोलवर श्री माणिक्क विनायकाचं देऊळ आहे. ते 1985 मध्ये सुरू झालं. गणेश चतुर्थीच्या सुमारास एका रविवारी तिथून गणपतीचा रथ निघतो, दुकानांसमोर नारळांचे ढीग रचलेले असतात, ते रस्त्यावर फोडले जातात आणि पॅरिसचे पोलीस वाहतूक अडवून बाजूला उभे राहतात.

ताई तिथे सांबाराची दुसरी वाटी मागवत म्हणाली, ‘हे काही पॅरिसचं जेवण नव्हे हं.’ मला तसं वाटत नाही. शुक्रूत पॅरिसचं नव्हतं, आलिगो नव्हतं, गालेत नव्हतं, बिस्त्रोतलं बदकसुद्धा नव्हतं. घरचं गाव सोडावं लागलेल्या माणसांनी स्टेशनाजवळ चूल मांडली, पहिल्या पिढीत ती फक्त आपल्यांसाठी होती, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत सगळ्या शहराची झाली. जाफन्याच्या चुलीची आत्ता कुठे दुसरी पिढी चालू आहे.

तेव्हा एकाच जेवणापुरता वेळ असेल तर मांसाहाऱ्याने दुपारी बिस्त्रोची फोर्म्युल घ्यावी, शाकाहाऱ्याने मोंपारनास गाठावं. आठवडाभर असाल तर रोज एक स्टेशन. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाताची आठवण येऊ लागली तर टूरवाल्यांच्या पनीरकडे न वळता ला शापेलला जावं. तेही पॅरिसातच खाल्लं असं घरी खुशाल सांगावं.